ओळंब्याचं वाकडं होल

१. भलत्याच जागी

होल फुटलं तेव्हा खालच्या लेव्हलवर टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण छतातून आधी पाणी आलं, मग दगडाच्या कपच्या पडल्या, मग होल पाडणाऱ्या बिटाचे दात गरगरत बाहेर आले आणि लांब उभी असलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली. छतावर लाल फुली होती एकीकडे आणि होल निघालं होतं तिसरीकडेच, फुलीपासून चांगलं दोन हात लांब.

ज्याने खाणीत पाऊल टाकलेलं नाही त्याला यात एवढं काय बिघडलं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. खाणीत ताजी हवा यायला दोन मजल्यांमध्ये एक मोठी उभी विहीर हवी होती. ती वरून खणत नाहीत. वरच्या लेव्हलवर मशीन बसवतात आणि आधी खालपर्यंत एक बारीक होल पाडतात. ते खाली फुटलं की बिट काढून त्याच रॉडना भलंमोठं दातेरी चाक जोडतात. त्याला रीमर म्हणतात. मग ते चाक फिरवत फिरवत वर ओढायचं. दगड कापला जातो, चुरा खाली पडतो आणि विहीर तयार होते. सगळा भार त्या बारीक होलवर असतो. होल मध्येच वाकलं असेल तर ओढताना रॉड तुटतो आणि रीमर खाली येतो.

आणि हे होल पाडलं होतं ओळंब्याने. हे त्यांचं टोपणनाव, तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचं होल ओळंब्याच्या दोरीसारखं सरळ उतरतं, म्हणून हे नाव पडलं होतं.

व्यवस्थापक साहेबांनी फुलीकडे पाहिलं, होलकडे पाहिलं आणि सुरक्षा अधिकारी बाईंना बोलावणं धाडलं. "बाई, हे वाकडं आहे. उद्या सकाळी मशीन उचलून शेजारी नवीन होल सुरू करतोय. ते दुसरा ड्रिलर पाडेल. तुमची फक्त मंजुरी द्या."

बाईंनी लगेच मंजुरी दिली नाही. लगेच कशालाच हो म्हणायचं नाही, ही त्यांची सवय घरीदारी सगळ्यांच्या परिचयाची होती.

त्या छताखाली जाऊन उभ्या राहिल्या. छत धरून ठेवणारे दोन बोल्ट सिमेंटमधून बाहेर डोकावत होते, एक जाड, एक बारीक. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेखाली उभं राहून त्यांनी दोन्ही हात पसरले. डाव्या हाताच्या टोकावर लाल फुली आली, उजव्या हाताच्या टोकावर होल. होलमधून एक गार थेंब तळहातावर पडला.

"सर्व्हेअरला विचारलं?"

"तो आपलं यंत्र तपासून घ्यायला शहरात गेलाय. आठवडाभर येत नाही. तोवर मशीन रिकामी ठेवू?"

"आणि मास्तर काय म्हणतात?"

साहेबांनी खांदे उडवले. "तीच तर गंमत आहे. म्हणतात, असेल वाकडं."

बाई चमकल्या. बोटभर फरकासाठी सगळी खाण डोक्यावर घेणारा माणूस दोन हातांच्या फरकावर गप्प बसला होता.

२. मिठाची गुळणी

वरच्या लेव्हलवर मशीन थंड पडली होती. मास्तर एका खोक्यावर बसून एका रॉडचे आटे कापडाने पुसत होते. ते आटे आधीच लखलखीत होते.

"मास्तर, होल वाकडं गेलं?"

"दिसतंय ना डोळ्यांना."

"मी तुम्हाला विचारतेय, डोळ्यांना नाही."

मास्तर हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे काही गेलं नाही. "बाई, वय झालं. हाताला अंदाज राहत नाही. साहेब म्हणतात तसं होऊ दे."

"आणि रीमर? 'होल ज्याचं, ओढ त्याची' हे तुमचंच ना? तुमचं होल टाकून दिलं की ओढ दुसऱ्याची. मग पुढच्या मोठ्या विहिरीवर तुम्हाला कोण उभं करणार?"

कापड एका जागी थांबलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय असं बाईंना वाटलं, पण त्यांनी मान फिरवली. "मशीनच्या मागे उभं राहून पुष्कळ झालं. नातवंडं खेळवीन."

नातवंडं अजून व्हायची होती. मास्तरांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि तेही याच खाणीतल्या एका पोराशी. छतावर सिमेंटचा फवारा मारणाऱ्या त्या पोराला सगळे गिलावा म्हणत. सासऱ्यांना तो फारसा पसंत नव्हता. "मी बोटभर मोजतो आणि हा बादलीभर उडवतो" असं ते चारचौघांत म्हणत.

बाई दुसऱ्या पाळीच्या ड्रिलरकडे गेल्या. नवीन होल मिळणार होतं ते यालाच. त्याचं नाव पडलं होतं घाई, आणि घाई आज भारी खुशीत असेल अशी बाईंची समजूत होती. पण तो डोकं खाजवत बसला होता.

"बाई, माझं नुकसान करून सांगतो. होल वाकडं असलं की रॉड दगडाला घासतात. एका अंगाने चकचकीत होतात. मशीन अडखळते, कण्हते. आम्ही रॉड वर काढले तेव्हा मी एकेक पाहिला. सगळीकडून सारखा चिखल, एकही घासलेला नाही."

"म्हणजे होल सरळ आहे?"

"मला तरी तसंच वाटतं. पण मग फुली चुकली म्हणावं लागेल. ती तर चुकूच शकत नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आणि फुली चुकली म्हणणारा पहिला माणूस मी व्हायला तयार नाही. साहेब लगेच म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं."

"फुली चुकूच शकत नाही, असं का?"

"ते सुतारकाकांना विचारा. त्यांची छाती कालपासून दोन इंच फुगलीये."

३. चुकूच न शकणारी फळी

सुतारकाकांच्या कामाच्या जागी भुशाचा वास होता. दोन घोड्यांवर दाराएवढी प्लायची फळी आडवी टाकून त्यांनी चहाचं टेबल केलं होतं. बाई दिसताच त्यांनी कप समोर ठेवला आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत फळीवर हात थोपटला.

"हीच ती. सर्व्हेअरने छतात खिळा ठोकला होता, होल बरोबर तिथे निघायला हवं होतं. पुढे एक दगड सुटला, छतावर फवारा मारायचं ठरलं. फवाऱ्याखाली खिळा गडप होणार. मग मी म्हटलं, खुणेची काळजी माझ्यावर सोडा."

"आणि ही फळी केलीत."

"आधी मधल्या रेषेत ही दोन भोकं पाडली, दोन बोल्टांसाठी. फळी बोल्टांत अडकवून छताला दाबली. खिळ्याने लाकडात खड्डा पाडला. खाली उतरवली, खड्ड्यावरच गिरमिट लावलं आणि आरपार तिसरं भोक पाडलं. फवारा मारून झाला की फळी परत बोल्टांत अडकवायची आणि तिसऱ्या भोकातून रंग मारायचा. फुली जिथल्या तिथे!"

"उलटी अडकवली तर?"

याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे काका हसले. "बाई, आम्ही काही केस उन्हात पांढरे नाही केले. एक बोल्ट जाड, एक बारीक. म्हणून एक भोक मोठं, एक लहान. टोकं बदलली तर जाड बोल्ट लहान भोकात शिरणारच नाही. चूक करायची म्हटलं तरी करता यायची नाही."

बाईंनी दोन्ही भोकांत बोटं घालून पाहिली. खरंच लहान-मोठी होती. बारीक बोल्टाला मोठं भोक चाललं असतं, पण जाड बोल्ट काही केल्या लहान भोकात गेला नसता. काकांचं म्हणणं बिनतोड होतं. चहाचा कप ठेवला होता त्याच्या शेजारीच तिसरं भोक होतं, भोवती लाल रंगाचं कडं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती. फळी खालून चाचपायला म्हणून त्यांनी हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला. बोटात लाकडाची कपची घुसली होती.

"गिरमिट बाहेर पडतं तिथे टवके निघतात हो. तासून घ्यायचं राहिलं," काका ओशाळून म्हणाले.

"फवाऱ्यानंतर फळी कुणी अडकवली?"

काका चहात बघत बसले. "माझी पाळी संपली होती. फवारा ज्याने मारला त्यानेच. गिलाव्याने."

गिलावा सापडला तो फवाऱ्याचा पाइप धूत असलेला, भुवयांपर्यंत सिमेंट माखलेला आणि शीळ घालत. लपवाछपवी त्याच्या गावी नव्हती.

"हो, मीच अडकवली. जाड बोल्टात मोठं भोक, बारकात बारकं. नट लावले, रंग मारला, फळी उतरवून काकांकडे पोचवली. का हो बाई?" मग त्याचा चेहरा उतरला. "बाबांचं होल खरंच वाकडं गेलं? घरी सांगायचं कसं हेच कळेना. ही रडून रडून अर्धी होईल."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. बाई परत निघाल्या तेव्हा त्यांच्या पदरात तीन गोष्टी होत्या. होल सरळ होतं. फुली बरोबर होती. आणि दोघांत दोन हातांचं अंतर होतं. यातली एक गोष्ट खोटी असल्याशिवाय मेळ बसत नव्हता, आणि सकाळी मशीन हलणार होती.

४. शिंप्याची चूक

बाईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. बाई घरी आल्या तेव्हा ते कात्रीशी, टेपाशी, मांजराशी आणि एकूण जगाशी भांडत होते.

"काय झालं?"

"काही नाही. हात दाखव आधी. बोट का धरलंयस?"

त्यांनी दिव्याखाली बाईंचं बोट धरलं आणि सुईच्या टोकाने कपची अलगद वर काढली. माणूस रागात असला तरी हात रागात नव्हता. बाईंना मनातून बरं वाटलं.

"आता सांगा, मांजराने काय केलं?"

"मांजराने नाही गं." यजमानांनी कोटाच्या दोन बाह्या बाईंपुढे टाकल्या. "बघ. एवढी वर्षं कात्री चालवली आणि हे केलं."

बाईंनी पाहिल्या. सुरेख कापलेल्या, एकसारख्या. "छान तर आहेत."

"एकसारख्या आहेत हेच तर दुखणं आहे! दोन्ही डाव्या आहेत. कागदाचा नमुना एकदा ठेवून कापला आणि दुसऱ्यांदा तसाच ठेवून कापला. दुसऱ्या वेळी पालथा करायचा असतो."

बाईंना हसू आवरेना. "अहो, पण तुमच्यासारख्या माणसाला कळलं नाही?"

"तेच सांगतोय. बाहीचं वर कुठलं आणि खाली कुठलं हे आंधळाही सांगेल. खांद्याला रुंद, मनगटाला अरुंद, तिथे चुकता येतच नाही. म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि डावी-उजवी फसवून जाते. गिऱ्हाइकाला काय सांगू, एक हात बदलून या?"

बाईंचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी एक बाही उचलली आणि टेबलावर ठेवली. रुंद टोक इकडे, अरुंद तिकडे. मग ती टोकं न बदलता पालथी केली. रुंद टोक इकडेच राहिलं, अरुंद तिकडेच. बाहीचा बाक मात्र डावीकडून उजवीकडे गेला.

एक भोक मोठं, एक लहान.

"अहो," बाई म्हणाल्या, "ही दुसरी डावी बाही मला द्याल?"

"घे. कोटाला काही तिचा उपयोग नाही."

५. फळीचं तोंड, फळीची पाठ

सकाळी खालच्या लेव्हलवर सगळे जमले. साहेब घड्याळ बघत होते. वरून मास्तरांनाही बोलावून घेतलं होतं. ते भिंतीला टेकून कुणाकडेही न बघता उभे होते. गिलावा त्यांच्यापासून जरा अंतरावर होता. घाई आणि सुतारकाका फळी घेऊन आले.

"काका, खिळ्याने खड्डा पाडला तो फळीच्या कुठल्या अंगावर?" बाईंनी विचारलं.

"छताला लागलेल्या अंगावर. दुसरीकडे कसा पडेल?"

"आणि गिरमिट त्याच अंगाने घातलंत. म्हणजे टवके निघाले दुसऱ्या अंगाला, जमिनीकडच्या."

"बरोबर."

"रंग मारणारा उभा राहतो खाली. म्हणजे रंगाचं कडं कुठल्या अंगावर उमटायला हवं?"

"जमिनीकडच्याच. टवक्यांच्या बाजूला," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी बोटावरची पट्टी दाखवली. "काल माझा कप लाल कड्याशेजारी होता, गुळगुळीत बाजूला. आणि कपची घुसली ती खालून. रंग एका अंगाला, टवके दुसऱ्या अंगाला. ही फळी अडकवताना पालथी झाली होती."

"पण भोकं लहान-मोठी आहेत!" साहेब आणि काका एकदमच म्हणाले.

बाईंनी पिशवीतून कोटाची बाही काढली. सगळे बुचकळ्यात पडले. त्यांनी ती हवेत धरली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली. "टोकं बदलली नाहीत, बघा. खांदा खांद्याच्या जागी, मनगट मनगटाच्या जागी. पण डावीची उजवी झाली. फळीचंही तेच. जाड बोल्ट मोठ्या भोकात, बारीक बोल्ट लहान भोकात, सगळं नेमकं बसलं. फक्त तिसरं भोक बोल्टांच्या रेषेच्या या अंगाला होतं ते त्या अंगाला गेलं. जेवढं इकडे, तेवढंच तिकडे. फुली आणि होल यांच्या बरोबर मधोमध बोल्ट आहेत. काल मी हात पसरून उभी राहिले आणि माझ्याच ते ध्यानात आलं नाही."

"हे सगळं बोलणं झालं," साहेब म्हणाले. "पुरावा?"

"हातच्या कंकणाला आरसा कशाला? अडकवा फळी. टवके खाली."

वर बिट घट्ट बांधून ठेवल्याची बाईंनी स्वतः खात्री करून घेतली, मग माणसं शिडीवर चढवली. घाईने आणि गिलाव्याने फळी बोल्टांत सरकवली, नट आवळले आणि दोघं बाजूला झाले. होल फळीआड दिसेनासं झालं. सगळे मान वर करून उभे राहिले. काहीच घडलं नाही. साहेब एक पाऊल पुढे सरकले आणि घड्याळ बघायला त्यांनी हात पुढे केला.

फळीच्या तिसऱ्या भोकातून एक थेंब निघाला आणि थेट साहेबांनी पुढे केलेल्या घड्याळावर टपकला. मागोमाग दुसरा.

घाई आधी हसला. मग काका, मग सगळेच. साहेबांनी घड्याळ पुसलं, वर बघितलं, आणि मग तेही हसले. मानी माणूस होता, पण खडूस नव्हता. "मशीन हलवायची नाही," ते म्हणाले. "मास्तर, माझं चुकलं."

हसत नव्हता तो फक्त गिलावा. "म्हणजे फुली मी चुकवली," तो हळूच म्हणाला. "आणि बोल मात्र बाबांना लागला."

बाई मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तुम्हाला कालच कळलं होतं ना? होल सरळ आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? मग चुकली ती फुली. आणि फुली कुणी मारली तेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरलीत."

 मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. माझी नोकरी सरत आली, त्याची आता सुरू झालीये. पहिल्याच वर्षी असा डाग लागला असता तर पोराला जन्मभर बादल्या धुवायला लावलं असतं. माझ्या एका होलने काय होतंय? एवढी सरळ पाडली, एक वाकडं म्हटलं कुणी तर म्हणू दे."

"पण बाबा, तुम्हाला तर मी आवडतच नाही!" गिलाव्याच्या तोंडून निघून गेलं.

"फवारा आवडत नाही," मास्तर म्हणाले. "माणसाबद्दल मी कधी काही बोललो?"

गिलाव्याने डोळे पुसले. हाताला सिमेंट होतं, त्यामुळे गालावर आणखी एक पांढरा पट्टा आला.

साहेबांनी घसा खाकरला. "मग चूक लिहायची कुणाच्या नावावर?"

"फळीच्या," बाई म्हणाल्या. "तोंड कुठलं, पाठ कुठली, हे तिच्यावर लिहिलेलंच नव्हतं. जी वस्तू दोन तऱ्हांनी बसते ती एक दिवस दुसऱ्या तऱ्हेने बसणारच. काका, यापुढे प्रत्येक फळीवर ठळक अक्षरांत लिहायचं."

"लिहितो. आणि ती बाही मला द्या," काका म्हणाले. "खिळ्याला टांगून ठेवतो, पुन्हा छाती फुगली की बघायला."

६. ओढ

सर्व्हेअर यंत्र घेऊन परतला, त्याने मोजलं आणि होल आपल्या खिळ्याच्या जागी असल्याचं सांगितलं. सगळे "हो का!" म्हणाले. शिळ्या बातमीला माणूस आणखी काय म्हणणार?

मग रॉड पुन्हा खाली सोडले, बिट काढलं आणि रीमर जोडला. खालची सगळी माणसं कठड्याच्या बाहेर गेली. बाईंनी कुलूप ओढून पाहिलं आणि मान हलवली. एकदा रीमर फिरायला लागला की त्याच्याखाली उंदरालाही जायला परवानगी नव्हती.

मशीनपाशी मास्तर उभे होते आणि कठड्याबाहेरच्या फोनवर खालची खबर द्यायला गिलावा. खालून कुणी बोलल्याशिवाय वरचा माणूस दांड्याला हात लावत नाही, अशी रीत. या कामाला मास्तर आपल्या भरवशाचा जुना माणूस घ्यायचे, आजवर दुसऱ्या कुणाला त्यांनी ते दिलं नव्हतं. आज त्यांनी आपणहून जावयाचं नाव सांगितलं होतं.

बाई वर मास्तरांच्या शेजारी होत्या. फोन वाजला. मास्तरांनी तो कानाला लावला, आणि मशीनच्या गुरगुरीतही खालचा आवाज बाईंना ऐकू आला.

"बाबा, कठडा बंद. माणसं बाहेर. रीमर मोकळा लटकतोय." मग जरा थांबून, "मी दोनदा बघितलं. तोंडाकडूनही आणि पाठीकडूनही."

मास्तरांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. आजवर ज्याला "अरे" आणि "ए" यापलीकडे हाक मारली नव्हती, त्याला ते म्हणाले, "तुम्ही बघितलंत ना जावईबापू? मग झालं."

आणि त्यांनी दांडा ओढला.